ठोसे ईस्टरनंतर

उपस्थित बंधू-भगिनींनो, कृपया शांतता राखावी, लहान मुलांना मांडीवर घ्यावं आणि रस्त्यात लावलेल्या गाड्या बाजूला काढाव्यात. एक अत्यंत गंभीर निवेदन करण्यात येत आहे. पन्नाशी दारात उभी असताना आणि पोट तिच्याही पुढे उभं असताना, मला सख्ख्या भावाच्या हातचा मार पडू लागला, आणि तो मला आवडू लागला.

आमच्या गिरीज गावात लग्न असो की चर्चचा सण, माईक माझ्या हातात असतो. बोलणं हाच माझा व्यायाम. दादाचं सगळं उलट. माझ्याहून बराच मोठा, मोजकं बोलणारा, तरुणपणी बॉक्सिंग खेळलेला. निवृत्त झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पोरांना शिकवायचा. वजनं उचलणाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा. म्हणायचा, "दंड फुगवून रिंगमध्ये उतरलेला माणूस ठोसा टपालाने पाठवतो, पोचेपर्यंत समोरचा घरी गेलेला असतो." शेजारच्या उमेळ्यात एक केळीची वाडी जाऊन तिथे इमारत आली आणि इमारतीच्या तळमजल्यावर जिम आली. काचेतून आतली पोरं घाम गाळताना दिसली की दादा स्कूटर हळू करायचा आणि मागे बसलेल्या मला सांगायचा, "बघ, पोस्ट ऑफिस."

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घरी आल्यावर दादाने शर्टाची बटणं काढायला जो वेळ घेतला, त्या वेळात वहिनींनी दोनदा चहा गरम केला. मदत करायची हिंमत कुणाची झाली नाही.

दवाखान्यातली फिजिओ म्हणजे विरारची एक चुणचुणीत मुलगी. तिने विचारलं, "काका, आधी काही खेळायचात?"

"बॉक्सिंग."

"अरे, मस्तच! मग तेच करायचं. ठोसे मारा, पाय नाचवा, तोल आणि चाल टिकते त्याने. आणि एक दिवस सोडून वजनं उचलायची."

"वजनं मी उचलत नाही."

"उचलायची, काका. ताकद कमी होते ना यात. पण एकाच दिवशी दोन्ही नको, दमाल. आणि एकासाठी दुसरं सोडायचं नाही हां. डील?"

"बघू," दादा म्हणाला. त्याच्या भाषेत हा होकार होता.

तर एक दिवस वजनं, एक दिवस ठोसे. वजनांच्या दिवशी दादा घरामागच्या वाडीत, विहिरीजवळ तोंड पाडून डंबेल उचलायचा, जणू पोस्टात नोकरी लागली आहे. ठोशांच्या दिवशी पॅड माझ्या हातात. देवाशपथ सांगतो, ग्लोव्ह्ज चढले की तो आजार त्याला ओळखतच नसे. केळींच्या रांगेतून तो असा सरकायचा, असा वळायचा, की मी जागच्या जागी गरगरायचो.

"हात वर! अरे हात वर, भाताचं पोतं!"

"वरच आहेत!"

"मग हे नाक कुणाचं?"

मागच्या दारातून वहिनी ओरडायच्या, "भावोजी, तोंड मिटा, दात जातील!"

"दातांना नाही लावत गं," दादा म्हणायचा, "तोंडच मिटायला बघतोय." आणि हसायचा. चेहरा आखडत चालला होता त्याचा. हसू फक्त तिथे, वाडीत दिसायचं. त्या हसण्यासाठी मी रोज नाक पुढे केलं असतं.

मग ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला. आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला मृत ख्रिस्ताची मूर्ती लाकडी पालखीतून गावात नेतात. खांद्याची जागा घराण्याकडे असते. पुढची उजवी बाजू आमच्या घराची. आधी बाबांची, नंतर दादाची. कुणी मागत नाही, कुणी काढून घेत नाही. माणूस स्वतः सोडतो तेव्हाच सुटते.

वहिनी म्हणाल्या, "यंदा खांदा भावोजींना देऊ द्या."

"हा? हा अर्ध्या वाटेत भाषण सुरू करेल." मग, माझ्याकडे न बघता, "यंदा मीच देणार. पुढच्या वर्षी मला जमणार नाही, मला माहीत आहे."

मी उठून डंबेल विहिरीजवळ नेऊन ठेवले.

उपवासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, दादा चर्चमधून कपाळावर राख घेऊन आला आणि त्याने ग्लोव्ह्ज खुंटीला टांगले. "ठोसे ईस्टरनंतर. आता फक्त खांदा." फिजिओने फोनवर विचारलं, "आणि पायांचं काय, काका?" तर म्हणाला, "पाय आमच्यात गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर धुतात." पायांवर त्याने केलेला हा शेवटचा विनोद.

आता रोज वजनं. डंबेल हलके वाटू लागले तेव्हा त्याने नारळ भरलेलं पोतं खांद्यावर घेतलं आणि माडाखाली ताठ उभा राहू लागला. गंमत अशी की ओझं आलं की हाताची थरथर थांबायची. आम्हाला तो चमत्कारच वाटला. खांदे भरले, मान जाड झाली, मिरवणुकीचा पांढरा सदरा वहिनींना उसवून सैल करावा लागला. दादा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "पोस्टमास्तर झालो रे!"

वहिनींनी एकदा हळूच मला सांगितलं, "चालताना चपला घासतात हो त्यांच्या. दारातून आत येताना अडखळतात." मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "झिजल्यात." आम्ही बाजारात जाऊन नव्या आणल्या.

आता ईस्टर केव्हाच होऊन गेलाय. ग्लोव्ह्ज खुंटीलाच आहेत. वहिनी त्यांच्यावरची धूळ पुसतात, पण काढत नाहीत.

गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही आणि मलाही माईक नसतो. त्या दिवशी सगळा गाव चर्चच्या आवारात चिडीचूप उभा होता. पालखी उचलली. पुढे उजवीकडे दादा, ताठ, दांड्यावरचा हात दगडासारखा स्थिर. मी त्याच्या बाजूने चालत होतो आणि आनंदाने रडत होतो. आवार ओलांडलं. पुढे फाटक, जिथे वाट अरुंद होते.

तिथे त्याचे पाय जमिनीला चिकटले.

अंग पुढे झुकलं, पावलं मागेच राहिली. डावीकडचा अर्धं पाऊल पुढे गेला होता, तो थबकला. पालखी कलली, दोन फुलं घसरून पडली. मागचे थांबले, त्यांच्या मागचे थांबले, पार चर्चच्या दारापर्यंत सगळी रांग थांबली. खांदा मात्र तसाच ताठ. तो खांदा सगळा गाव फिरून आला असता. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "दादा, पाऊल." त्याने ऐकलं नाही. मागून एक शेजारी पुढे आला आणि खांदा लावायला जागा शोधू लागला. वहिनींनी तोंडात पदर धरला.

दादाला मान वळवता येत नव्हती. गाव थांबलाय एवढंच त्याला कळलं होतं. आपण चालतोच आहोत, असं त्याला वाटत होतं. आणि त्या तशा शांततेत, हॉलमध्ये पोरांवर ओरडायचा त्या आवाजात, तो ओरडला:

"अरे, पुढे चला ना! अडलंय कोण?"