सीटखालचं बटण

माझं शेत घरापासून लांब आहे. भूकंपानंतर गाव माळावर वसवलं, शेतं होती तिथंच राहिली. जुन्या घरातून हाक मारली तर शेतात ऐकू जायची. नव्या घरातून निघालं की आधी उतार, मग ओढा, ओढ्यानंतर चढ आणि शेवटी काळ्या रानातली गाडीवाट.

पुष्कळ वर्षं मी चालत गेले. मग लेकीला शाळेतून सायकल मिळाली. सुट्टीच्या दिवशी तिनं मला शाळेच्या मैदानात शिकवलं. लुगडं नेसलेली बाई सायकलवर बघून पोरं हसायची. हसू दिलं. पडले, खरचटलं, शिकले. लेक लग्न होऊन गेली, सायकल मला राहिली. माझे मालक वारल्यावर सगळं शेत मी त्या सायकलवर केलं. पुढच्या टोपलीत भाकरी, मागं गवताचा भारा.

आता गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, वाट्या झिजल्या. झिजणारच. चढावर पायंडल मारवेना, आणि चालत निघालं तर ओढ्यापाशीच बसावं लागायचं. मग पोराच्या मोटरसायकलवर जायला लागले. पोरगा लोहाऱ्याला खताच्या दुकानात कामाला आहे. त्याला वेळ असेल तेव्हा तो मला नेणार, त्याला वेळ असेल तेव्हा आणणार. मी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. कधी तो अंघोळ करायचा, कधी फोनवर बोलायचा, कधी दुकानातून बोलावणं यायचं आणि जाणंच रद्द. त्याची चूक नव्हती. पण तुरीवर अळी पडली की ती त्याच्या सुट्टीसाठी थांबत नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. जेवताना तो म्हणाला, "आई, पाडव्यापासून रान बटईनं देऊन टाकू."

आमच्याकडं शेतीचे करार पाडव्याला होतात. बटईनं दिलं की दुसरा माणूस राबणार, अर्धं धान्य आपल्याला देणार. आपण बांधावर पाहुण्यासारखं जायचं.

"का?" मी विचारलं.

"का म्हणजे? तुझ्यानं जाणं व्हईना. मला रोज नेणं-आणणं जमंना. बसल्या जागी अर्धं धान्य घरात येतंय की."

"बसल्या जागी मी काय करू?"

"नातवंडं बघ."

"नातवंडं शाळेत जात्यात. वर्गात जाऊन बसू व्हय?"

सून तोंडाला पदर लावून हसली. पोरगा हसला नाही. म्हणाला, "पाडव्यापर्यंत काय करायचंय ते कर. मग माझं ऐक."

शेतावाचून आम्ही उपाशी मरणार नव्हतो. पोराला पगार आहे. मला एवढंच पाहिजे होतं की कुणाला न विचारता माझ्या रानात जाता यावं. ते पाडव्याच्या आत जमलं तर शेत माझ्याकडं, नाहीतर बटईला.

त्याच आठवड्यात आमचा दूधवाला ओढ्याच्या चढावर दिसला. सायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन आणि पाय नुसते फिरतायत, दम लागलेला नाही. मी थांबवून विचारलं. त्यानं पायंडलाजवळची एक गोल डबी दाखवली. "मोटर हाय. सास्तूरच्या रस्त्याला मिस्त्री बसवून देतो."

तो मिस्त्री मला माहीत होता. पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देतो. तांब्याची तार गुंडाळत बसलेला असायचा. सायकल ढकलत मी त्याच्या दुकानात गेले.

"मिस्त्री, हिला मोटर बसव."

"कुणाला पाहिजे मावशी? नातवाला?"

"मला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सायकलीकडं. आता हा शहाणपणा शिकवणार, असं मला वाटलं. त्यानं विचारलं, "रस्ता कसा हाय? वजन किती न्यायचं?"

मी सांगितलं. ओढा, चढ, काळं रान, भारा. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "मग चाकातली मोटर तुम्हाला कामाची न्हाय. ती सपाट रस्त्याला बरी. चढावर वजन आलं की तापती. आपण मधी बसवू, पायंडलाच्या दांड्याला. तिचा जोर साखळीतून मागं जातो. मागं मोठं दातेरी चाक टाकलं की हळू चालंल, पण चढंल."

"मला हळूच जायचंय."

"मग झालं."

मोटर त्यानं पुण्याहून मागवली. आली ती आमच्या सायकलीला बसेना. ती परदेशी सायकलींच्या मापाची. आमच्या सायकलीचा पायंडलाचा दांडा खीळ ठोकून बसवायचा असतो, आणि ज्या नळीतून तो जातो तिचं माप वेगळं. मिस्त्रीनं ती नळी कापून काढली, नळदुर्गच्या लेथवरून नवी करून आणली आणि वेल्डिंग केलं. मोटर फिरू नये म्हणून एक पट्टी लागते, ती त्यानं जुन्या पेरणीयंत्राच्या लोखंडाची केली. दर दोन-चार दिवसांनी मी जाऊन बघायची. तो बसायला पत्र्याचा डबा द्यायचा, चहा द्यायचा. काम लांबलं तर लांबलं म्हणून सांगायचा, उद्या या म्हणून फसवायचा नाही.

बॅटरी त्याच्या बायकोनं केली. दुकानाच्या मागच्या खोलीत ती जमिनीवर बसून सेल निवडायची. मला ती खाला म्हणते, म्हणजे मावशी. बोटाएवढे सेल, एकेक मीटरला लावून बघायची आणि वेगवेगळ्या ढिगात ठेवायची.

"हे काय करायलीस पोरी?"

"सारख्या ताकदीचे एका जागी लावायलेय खाला. एक कमजोर आला तर बाकीच्यांना वढून खाली आणतो."

"बैलांचं तेच असतं," मी म्हणाले.

"बैलाला दिसतं तरी. ह्याला मीटरच लागतो."

सगळं बसलं तेव्हा होळी तोंडावर आली होती. मोटर खाली, बॅटरी मधल्या नळीवर रेक्झिनच्या पिशवीत. कॅरियर भाऱ्यासाठी मोकळं ठेवलं होतं. मिस्त्रीनं सांगितलं, "नेहमीसारखं पायंडल मारा मावशी. पायंडल फिरलं की मोटर आपोआप मदत करती. काही शिकायचं न्हाय."

मी नेहमीसारखीच निघाले. डावा पाय पायंडलवर, उजव्या पायानं जमीन ढकलत दोन-तीन उड्या, मग सीटवर. आमच्या वयाच्या बायका अशाच बसतात. पण पहिल्याच उडीला सायकल माझ्या हातातून सुटून पुढं पळाली. मी एका पायावर नाचत तिच्यामागं. दुकानासमोरच्या टायरांच्या ढिगात ती गेली आणि मीही गेले.

मिस्त्री धावत आला. "लागलं का?"

"न्हाय. ही पळती का?"

त्यानं तारा तपासल्या. पुन्हा बसवलं, मागून धरून. बसल्यावर छान चालली. चढावर अशी गेली की मला माझे गुडघे आठवलेच नाहीत. मी मोठ्यानं हसले, ते मला आठवतं. पण परत दुकानापाशी थांबायला गेले तर थांबेना. पाय खाली घासतेय, चप्पल झिजतेय आणि मोटर आपली पुढं ओढतेय. एका म्हाताऱ्याच्या कडब्यात जाऊन थांबले.

"मोटर थांबंना गेली!" मी ओरडले.

"ब्रेक दाबला की बंद होती मावशी! पायंडल थांबलं तरी ती जरा वेळ ओढती, म्हणून ब्रेकमधीच बटण हाय!"

मी कडबा झाडत उठले. त्याला वाटलं बटण खराब. त्यानं ब्रेकचं बटण बदललं. पुन्हा तेच. मोटरीला वीज सोडणारा डबा बदलला, त्याला ते कंट्रोलर म्हणतात. पुन्हा तेच, या खेपेला बांधावर. कोपर सोललं. ते पोराला कुणीतरी सांगितलं. रात्री जेवताना तो म्हणाला, "बास झालं आता. हाड मोडून घ्यायचंय का? म्या बटईवाल्याला हो म्हणतो."

"पाडवा झाला का?"

"आई—"

"पाडवा झाला का, सांग."

तो ताटावरून उठला. सून हळूच म्हणाली, "आत्या, जपून तरी करा." ती माझ्या बाजूची होती, पण घाबरली होती. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मिस्त्री मोटर उघडून बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "मावशी, इतक्या बसवल्या, अशी तक्रार कुणाची न्हाय. मलाच कळंना."

त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "एकदा बंद मोटरीवर चालवून दाखवा खाला. जशी रोज चालवता तशी."

मी चालवून दाखवली. गेले, वळले, आले, थांबले.

ती नवऱ्याकडं वळली. "अजी, हाथां नको, पावां देखो इनके! ब्रेकला हात लावतच न्हायत या."

मिस्त्रीनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही ब्रेक दाबत न्हाय?"

"ह्या सायकलीला ब्रेक कधी होता? लेक नांदायला गेली तवाच तारा तुटल्या. म्या चप्पल घासून थांबते."

"आता नवा लावलाय की!"

"लावलास. माझ्या हाताला कुठं माहिताय?"

तो डोक्याला हात लावून खालीच बसला आणि हसत सुटला. त्याची बायको हसली. मीही हसले, पण जरा उशिरा.

मग त्यानं मला ब्रेक शिकवायचा प्रयत्न केला. दुपारभर केला. सपाटीला जमायचं. पण समोर शेळी आली, दगड आला, की हात गप्प बसायचे आणि पाय खाली जायचा. इतक्या वर्षांची सवय. तो दमला. मी म्हणाले, "राहू दे. न्हाय जमत. काढून घे मोटर." हे बोलताना मला फार जड गेलं. तसं दाखवलं मात्र नाही.

तेव्हा त्याची बायको म्हणाली, "थांबताना या सीटवरून उठतात. पाय खाली पुरत न्हाय म्हणून. आणि निघतानापण सीटवर नसतात."

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला. मग उठला. दुकानाच्या कोपऱ्यात एक गंजलेला फ्रिज पडला होता. त्याच्या दाराच्या चौकटीतलं बटण त्यानं स्क्रू काढून उपटून आणलं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि आतला दिवा विझतो, दार उघडलं की सुटतं आणि दिवा लागतो. ते त्यानं सीटच्या स्प्रिंगांच्या मधे बसवलं आणि त्याच्या तारा ब्रेकमधल्या बटणाच्या तारांना जोडल्या, म्हणजे हे बटण सुटलं की मोटरीला ब्रेक दाबल्यासारखंच वाटणार. मी सीटवर बसले की बटण दाबलं जाणार, मोटर चालणार. सीटवरून उठले की मोटर बंद. ब्रेक दाबो न दाबो.

"बसा मावशी," तो म्हणाला. "तुमच्यासारखंच निघा आणि तुमच्यासारखंच थांबा."

डावा पाय पायंडलवर, दोन-तीन उड्या. सायकल गप्प. सीटवर बसले, पायंडल फिरवलं, मोटर कुरकुरत जागी झाली. ओढ्यापर्यंत जाऊन आले. दुकानापाशी सीटवरून उठून चप्पल घासली आणि जिथं थांबायचं तिथं थांबले. मोठ्या खड्ड्यात अंग उडालं की मोटर क्षणभर बंद पडते आणि पुन्हा चालू होते. मिस्त्री म्हणाला, तेही नीट करतो. मी म्हणाले, असू दे. खड्ड्यात मला तरी कुठं घाई असते?

त्या दोघांबद्दल मला सांगायचं ते हे. माझ्या वयाला लोक फार सांगतात. असं बसा, असं उठा, हे खाऊ नका, तिकडं जाऊ नका. पोरगाही प्रेमानंच सांगतो. या दोघांनी एक दुपारभर सांगितलं, आणि जमत नाही म्हटल्यावर माझं अंग आहे तसं धरून सायकल त्याला जुळवली. मला कुणी वेंधळी म्हणालं नाही. त्यांचे मी आभार मानले नाहीत, तशी आमच्यात पद्धत नाही. पण मनात आहेत.

पाडव्याला सकाळी गुढी उभी केली आणि पोरगा बटईवाल्याला आणायला माकणीला गेला. मी भाकरी बांधली आणि निघाले. सुनेला सांगितलं नाही, तिनं पाहिलं. ती दारातून म्हणाली, "आत्या, पाण्याची बाटली राहिली," आणि आणून टोपलीत ठेवली.

ते दोघं मोटरसायकलवर शेतात आले तेव्हा मी पंप सुरू करून खालच्या पट्टीत भेंडीला पाणी लावत होते. सायकल लिंबाखाली होती. पोरानं आधी सायकल बघितली, मग रस्त्याकडं बघितलं, जणू मला कुणी आणून सोडलं असेल.

"कशी आलीस?"

"दिसतंय की."

"चढ?"

"चढले."

तो सायकलीपाशी गेला. मोटर बघितली, सीट दाबून बघितली, मागच्या चाकात हवा किती आहे तेही बोटानं बघितलं. बटईवाला बांधावर अवघडून उभा. चांगला माणूस आहे, त्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. आणि सगळं रान माझ्यानं होत नाही हे मलाही कळतं. मी त्याला म्हणाले, "वरचं रान तुम्ही करा दादा. सोयाबीन घ्या, तूर घ्या, तुमच्या मनानं. विहिरीखालची पट्टी माझी. तिच्यात कुणी यायचं न्हाय."

त्यानं पोराकडं बघितलं.

पोरानं सीट पुन्हा एकदा दाबून बघितली. मग म्हणाला, "आईचं बरोबर हाय. वरचं तेवढं घ्या." आणि मला म्हणाला, "पण तू रोज येणार का एवढ्या लांब?"

"रोज न्हाय. मला वाटंल तवा."

आता भेंडी संपत आली, गवार लागली आहे. काल शेतात काहीच काम नव्हतं. तरी दुपारी जाऊन आले.