एकशे बारा ठिपके

चिंतामणी लिमये सर गावातल्या सदूला घेऊन वर्षभर सडा, म्हणजे गावामागचं कातळाचं पठार, हिंडले. कातळावर कोरलेलं चित्र दिसलं की सर हातातल्या जीपीएसमध्ये खूण करत आणि सदू त्या चित्राचं गावातलं नाव सांगे.

"सर, नावंपण घाला हो त्यात."

"बटणं दाबत कोण बसतंय? कॉम्प्युटरवर घालू सावकाश."

मग नवा कॉम्प्युटर आला. जीपीएसची जुनी वायर त्याला बसेना, आणि काम बारा वर्षं राहिलं. आज पुतणी आर्याने रत्नागिरीच्या बाजारातून ती वायर बसवणारी छोटी जोडणी आणली आणि पडद्यावर एकशे बारा ठिपके उमटले.

"काका, सगळे आले! नावं सांगा, लिहिते."

सरांना तीन आठवली.

"सदूकाकांना विचारू या?"

"शिमग्यात वारला गं तो," सर म्हणाले. "ही जोडणी आधीपासून मिळत होती का?"

"कधीची, काका."