न सुटलेली गाठ

सकाळी दुकानाचे सरकते दार उघडण्यापूर्वी मिनोवा तोकुजी काचेच्या कपाटातला लाल मुखवटा बाहेर काढीत आणि त्याचे आतले अस्तर फडक्याने पुसून घेत. अस्तर ओले असे. हवेतल्या दमटपणाने कापड ओलसर होते तसे नव्हे. नुकत्याच श्रमलेल्या माणसाचा घाम टिपावा तसे ओले, आणि स्पर्शाला किंचित उबदार. ज्या मस्तकावर तो मुखवटा अखेरचा चढला होता, त्याला अग्नी देऊन मात्र चार दशके लोटली होती.

जपानच्या तोचिगी प्रांतातल्या आमच्या या खाणींच्या गावात मिनोवांना कुट्टूच्या शेवयांचे दुकानदार म्हणूनच सारे ओळखतात. तरुणपणी ते दूरचित्रवाणीवरचे आकात्सुबामे होते. लाल पाकोळीच्या रूपाने दुष्टांवर झेपावणारा हा वीर त्या काळी घरोघरच्या मुलांचे दैवत होता. परकायाप्रवेशाच्या कथांत एकच जीव दोन देहांत संचार करतो. इथे एकाच वीराला दोन देह वाटून दिले होते. मुख मिनोवांचे, झेप हातानो कानेयोशी यांची. खाणीच्या कड्यावर मिनोवा दोन्ही बाहू पंखांसारखे पसरीत आणि उजवी मूठ हृदयाशी आणीत. तेथे चित्रण थांबे. मग त्याच जागी मुखवटा ल्यालेले हातानो येऊन उभे राहत आणि कड्यावरून उडी घेत. मुलांच्या श्रद्धेला तडा जाऊ नये म्हणून मुख आणि मुखवटा एकत्र कोणाच्याही दृष्टीस पडता कामा नयेत, असा दंडक होता.

मुखवट्याच्या नाड्या मानेमागे बांधाव्या लागत, आणि त्या घालणाऱ्याला स्वतः बांधता येत नसत. ताडपत्रीच्या आडोशाला ते काम मिनोवा करीत. गाठ मारली की म्हणत, "जाऊन ये." मुखवट्याआडून शब्द फुटत नसल्यामुळे हातानो छातीवर दोनदा मूठ आपटून होकार देत. परतल्यावर मिनोवाच ती गाठ सोडीत आणि म्हणत, "आलास? ये." बांधणाऱ्यानेच सोडायची, हा त्या दोघांतला अलिखित धर्म होता.

मालिकेच्या अखेरच्या भागाच्या वेळी हातानो कड्यावरून झेपावले, ते उठलेच नाहीत. मदतीला धावलेल्यांनी कात्रीने एक नाडी कापून मुखवटा काढला. गाठ दुसऱ्या नाडीला तशीच लोंबत राहिली. तो मुखवटा मिनोवांनी जवळ ठेवला, पण ती गाठ कधी सोडली नाही. जो परतलाच नाही, त्याची गाठ सोडायची कशी?

पुढे मोठमोठ्या दुकानांच्या गच्चीवर मुलांसाठी प्रयोग होत, तेथे मिनोवा काही दिवस गेले. नव्या मुखवट्यात नवा तरुण असे. एका दुपारी त्यांनी बाहू पसरून मूठ हृदयाशी नेली, आणि त्यांच्या पाठीमागे पाहत मुलांनी एकच जल्लोष केला. मिनोवा पडद्याआड गेले, तेव्हा तो तरुण अजून पायांत बूट चढवीत बसला होता. त्याने ओशाळून विचारले, "माफ करा, उशीर झाला का?" त्यानंतर मिनोवांनी ती मुद्रा केली नाही, आणि त्या मुद्रेवाचून त्यांना काम कोणी दिले नाही. त्यांची नटाची कारकीर्द अशी संपली.

गेल्या हिवाळ्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, हातानोंची विधवा इतो काठी टेकीत दुकानात आली. मी कोपऱ्यात माझा वाडगा संपवीत होतो. मिनोवांची पत्नी सुमिए लगबगीने पुढे झाली.

"वहिनी! एवढ्या थंडीत एकट्या? बसा, शेवया टाकते."

"चावायला दात कुठे आहेत गं? नुसतं गरम पाणी दे." मग ती मिनोवांकडे वळली. "तोकु-सान, डॉक्टर म्हणतात, यंदाची चेरी फुललेली काही मला दिसायची नाही. मरायला माझी ना नाही. पण मेल्यावर मी त्यांना शोधू कुठे?"

"वहिनी, अस्थी तर मंदिराच्या आवारात..."

"अस्थी आहेत रे, माणूस नाही. तिथं उदबत्ती लावते, तर रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं वाटतं. ते अजून कामावरच आहेत. तू पाठवलंस ना? मग तूच बोलव."

मिनोवांनी हातातला झारा पातेल्यावर आडवा ठेवला. "एकदा बोलावलं होतं, वहिनी. कोण आलं, ते मला माहीत नाही."

"मला कळेल ना. बायको आहे मी त्यांची."

सुमिए भांडी विसळता विसळता म्हणाली, "चाळीस वर्षं तो मुखवटा पुसताय. तेवढी फरशी पुसली असती, तर गिऱ्हाईकं तरी वाढली असती. करा की एकदा! हात वर जातात ना अजून, हिरो?"

कोणी हसले नाही. तीही नाही.

मिनोवा चुलीपुढच्या मोकळ्या जागेत आले. त्यांचे वाकलेले बाहू सावकाश पसरले; उजवी मूठ हृदयाशी आली. मोठ्या पातेल्यातून वाफेचा सरळ लोट वर चढत होता. तो त्यांच्या पाठीमागे मधोमध दुभंगला आणि कोणाच्या तरी खांद्यांना वळसा घालावा तसा दोन्ही बाजूंनी वर गेला. मग मी ऐकले: ठक्, ठक्. भरीव छातीवर आपटलेली मूठ.

मिनोवांनी डोळे मिटले. मुख आणि मुखवटा एकत्र दिसू नयेत, हा दंडक त्यांनी निदान स्वतःपुरता पाळला. तसेच ते वळले. त्यांचे हात त्या दुभंगलेल्या वाफेच्या पलीकडे, मानेच्या उंचीवर गेले आणि तेथे थबकले. गार पडलेल्या वस्तूला हात लावायला गेलेला माणूस ती ऊन लागल्यावर दचकतो, तसे ते दचकले. मग त्यांची बोटे चालू लागली. मला दिसत होते एवढेच, की एक म्हातारा डोळे मिटून हवेतली गाठ सोडतो आहे.

"आलास?" ते म्हणाले. "ये. दमलास फार."

वाफेचा लोट पुन्हा एक झाला. इतो ताठ बसून त्या जागेकडे पाहत होती. ती हलकेच म्हणाली,

"अगं बाई, केस अजून काळेच आहेत."

तिने वाडग्यातले पाणी संपवले, काठी उचलली आणि निघाली. दारापाशी कोणाला वाट द्यावी तशी ती क्षणभर बाजूला सरून थांबली. आमच्यापैकी कोणालाही बाहेर जायचे नव्हते.

कपाटाची काच बंदच होती. आतल्या मुखवट्याची नाडी सरळ लोंबत होती. जेथे गाठ होती तेथे फक्त एक जुनी, खोल चुणी उरली होती. मिनोवांनी मुखवटा काढून अस्तरावर तळवा ठेवला, मग तो माझ्यापुढे धरला. मीही बोट लावले. कापड वाळलेल्या पानासारखे करकरले.

सुमिएने मुखवटा पुसायचे कोरडे फडके घडी घालून खणात ठेवून दिले.