भुईमूगवाल्यावर लावलेली मिशी

१९८०च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या निवडणुकीवर मी मुकादमांशी शर्त लावली, तेव्हा निकाल मला आधीच माहीत होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट गोदामात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचो. मुकादम सावनेरकडचे, हमालांची सगळी टोळी त्यांच्या हाताखाली. मिशी अशी, की ट्रकवाले आधी मिशीला रामराम करत, मग माणसाला. त्यांना वाचता येत नसे, पण ऐकायची हौस दांडगी. अमेरिकन वकिलातीला एक कार्ड टाकून मी अमेरिकेच्या निवडणुकांच्या इतिहासाचं पुस्तक फुकट मागवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पोत्यांवर बसून ते मी मराठीत सांगायचो.

"म्हणजे मतं जास्त पडली तरी माणूस हरते?" मुकादमांनी एकदा विचारलं.

"कधी कधी हरतो, काकाजी. तुमच्या गावात लोक पंच निवडतात आणि पंच सरपंच निवडतात ना? तसंच."

"मंग तिथंबी पंचाइले देवदर्शनाले पळवत असतीन!"

डबे हिंदकळेपर्यंत सगळे हसले.

त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट एका पेपराची. निकाल लागायच्या आत घाई करून त्यानं हरणाऱ्यालाच जिंकवलं, आणि खरा जिंकलेला तोच पेपर हातात धरून हसत उभा राहिला. ही गोष्ट मी वीसेकदा तरी सांगितली असेल.

१९७६ला अमेरिकेत एक भुईमूगवाला शेतकरी उभा राहिला. मुकादमांच्या शेतातही भुईमूग. "तो आपला माणूस आहे गा," त्यांनी जाहीर केलं. मी उगाच त्याच्या विरुद्ध शर्त लावली, मिशीला मिशी, आणि हरलो. तेलाचा रिकामा डबा बडवत टोळीनं मला न्हाव्याकडे नेलं. मजा मलाही आली. पण पुढची चार वर्षं रोज सकाळी फाटकातच विचारणा, "काय गा बाबू, उगवली का नाही?"

चार वर्षांनी भुईमूगवाला पुन्हा उभा होता. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, घरच्या रेडिओवर मी ऐकलं, तो पडला. सक्करदऱ्याहून वाडीपर्यंत सायकल मारत आलो ते ही बातमी सांगायलाच. पेपरात अजून काही आलं नव्हतं.

मुकादम फाटकातच उभे. "लावतं का शर्त? का वस्तऱ्याले भेऊन राहिला?"

टोळी हसली. माझा हात पुढे गेला. एका ड्रायव्हरनं रीतीप्रमाणे आमचे एकमेकांत धरलेले हात वरून हात मारून तोडले, शर्त पक्की झाली. आता बोल, असं मी दिवसभर स्वतःला म्हणत होतो. बिल्ट्या लिहीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पेपर मीच वाचून दाखवला. टोळी मुकादमांकडे बघत राहिली.

"थांबा रे!" त्यांनी हात वर केला. "पेपरवाले चुकतेत. या बाबूनंच तं सांगतलं होतं!"

माझ्याच गोष्टीवर भरवसा ठेवून त्यांनी आणखी एक दिवस वाट पाहिली. मग स्वतःच डबा मागवला, स्वतःच बडवला आणि नाचत न्हाव्याकडे गेले. परतले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येईना. "अमेरिकेत भुईमूग बुडला, न् माही मिशी गेली!" असं प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून सांगत होते. इतकं हसलेलं गोदाम मी पुन्हा पाहिलं नाही. त्या हसण्यात मीही होतो, सगळ्यांत मोठ्यानं.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, हे मला शर्त लावतानाही ठाऊक होतं. मी सावनेरला गेलो. व्याह्यांना शर्तीची गोष्ट त्यांनीच रंगवून सांगितली. व्याही डोळे पुसत म्हणाले, "अमेरिकेपायी मिशी देणारा व्याही कोणाले भेटते गा!" पंगतीत बुंदी वाढताना तेवढाच विषय. फोटोवाला आला तेव्हा मात्र मुकादमांनी दुपट्ट्याचं टोक ओठांवर धरलं. ते फक्त मी पाहिलं.

आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दिवाळीत मी भेटायला जातो. नातवंडांना ते तीच गोष्ट सांगतात, "विचारा या बाबूले," म्हणतात, आणि मी मान डोलावतो.

शर्त खोटी होती, हे मला त्यांना तोंडावर सांगायचं आहे, आणि नातवंडांसमोर माझी मिशी उतरवायची आहे. दोन्ही अजून बाकी आहे.