गोणपाटाचं गाढव

पाय धुतल्याशिवाय टीव्ही दिसत नाही, असा सरूवहिनीचा कायदा होता. रविवारी सकाळी तुर्भ्याच्या आमच्या चाळीतली पोरं तिच्या दारातल्या बादलीवर पाय धुऊन आत शिरायची. "चिखलाचे पाय बघून गाढव रुसतंय," वहिनी म्हणायची. गाढव म्हणजे टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या खेळातलं, कापडाचं, शाळेत जायचा हट्ट धरणारं. वहिनीला मूलबाळ नव्हतं, पण रविवारी तिच्या खोलीत मुंगीला जागा नसायची.

मग ते गाढव केबलवर गेलं. इतके दिवस आभाळातून फुकट यायचं, आता दर महिन्याला पैसे मोजा. मी चौथी नापास, पण मार्केटात माथाड्यांच्या टोळीचा मुकादम. आभाळातल्या गोष्टीला पैसे देणार नाही म्हणजे नाही, असं चारचौघांत सांगून टाकलं. वहिनीकडं तर तेवढे पैसेच नव्हते. दोन रविवार पोरं केबलवाल्या खोलीच्या खिडकीला लटकली. वहिनीची बादली दारात भरलेली तशीच.

तिसऱ्या रविवारी ती वाशीला आडत्याच्या घरी तांदूळ निवडायला गेली. तिथं केबल होती. खडे किती निघाले देव जाणे, कार्यक्रम मात्र सगळा बघून आली. दुपारी कांद्याच्या फाटक्या गोणीचं गाढव हातात घालून तिनं तोच खेळ करून दाखवला. खिडकीवरची पोरं परत आली.

दर रविवारी हेच. विसरेल तिथं ती पदरचं घालायची, पुढं पदरचंच जास्त झालं. गाढव शाळा सोडून मार्केटात आलं, पाठीवरच्या गोणीसकट झोपलं, आणि एक मिशाळ मुकादम त्याच्यावर ओरडायला लागला. ओरडणं हुबेहूब माझं. ऐकलं तसा तणतणत गेलो.

"वहिनी, हे बरं नाही."

"भावजी, पाय धुतले का?"

सगळी पोरं माझ्या पायांकडं बघत होती. मुकादम माणूस मी, पण गेलो बादलीकडं.

पुढं वहिनीच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि ती दोघं साताऱ्याकडं गावाला निघाली. टेम्पोत चढताना तिनं गाढव माझ्या हातात कोंबलं.

"मला असलं काही येत नाही," मी म्हणालो.

"मुकादम तर येतोय. गाढवाचं बी जमंल हळूहळू."

मी ते खुंटीला टांगलं. हात लावायचा नाही, ठरलं. माझं एकदा ठरलं की ठरलं.

रविवारी दुपारी दार वाजलं. वहिनीची मागं राहिलेली बादली कुणीतरी माझ्या दारात आणून ठेवली होती आणि पोरं ओल्या पायांनी रांगेत उभी होती.

आता धुतलेल्या पायांना परत कसं पाठवणार?