टेकडीने गिळलेली वीज

आमच्या वहिनीला घरात सगळे ‘मुंगी’ म्हणतात. बुटकी, भराभर चालणारी, आणि एकदा कामाला लागली की मागे वळून न बघणारी. दादा म्हणतो, “बघायला गेलो तेव्हा वाटलं, मुलगी लाजून वर बघत नाहीये. नंतर कळलं, ही भिंतीतली ओल बघत होती!” तिचं कामच तसलं. कुठे नेटवर्कची यंत्रं बसवायची असली, की त्याआधी जागा सुरक्षित करून द्यायची.

मागच्या वर्षी तिला टेकडीवरच्या एका लहान दवाखान्याचं काम मिळालं. तिथे एक डॉक्टरीणबाई आणि एक नर्स, मोठे डॉक्टर नव्हते. नेटवर्क आलं की शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावरून पेशंट दाखवता येणार होता. टेम्पो माझा, म्हणून सामान न्यायला मी होतो.

यंत्रांसाठी चादरी ठेवायची खोली मिळाली. वहिनी दारातच थबकली. छतालगत पाण्याचा पाइप जात होता.

“तो कधीच गळलेला नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बाई, गळायला त्याला एकदाच पुरे आहे.”

डॉक्टरीणबाई हसल्या आणि पाइप बाहेरून फिरवून घेतला. मग वहिनीने खोलीचं रूपच पालटलं. लोखंडी कपाट जमिनीला बोल्टने आवळलं, मागे माणूस उभा राहील एवढी जागा सोडली, बॅटऱ्या वेगळ्या कोपऱ्यात झरोक्याखाली ठेवल्या. उंदीर शिरेल असं प्रत्येक भोक बुजवलं.

घोडं अडलं ते अर्थिंगपाशी. छतावर नेटवर्कचा उंच खांब उभा राहणार होता. त्याच्यावर वीज पडली, तर ती थेट जमिनीत जायला हवी. पण टेकडी म्हणजे नुसता खडक. वहिनी जागोजागी सळ्या ठोके, मीटर लावी आणि मान हलवी. “जमीन घ्यायलाच तयार नाही रे,” ती म्हणाली. तिचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दवाखान्याचे कपडे धुणारे काका लांबून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, “ताई, माझ्या धुण्याच्या दगडामागे बघा. भर उन्हातही तिथली माती वाळत नाही.”

तिथे खणलं, तर खडकाच्या भेगेत काळी, गार, ओली माती. मीटर बघून वहिनीने काकांचा हातच धरला. तांब्याचा पत्रा तिथे पुरला आणि खांबापासून जाड पट्टी खाली आणली.

यंत्रं बसली आणि काही आठवड्यांनी आम्ही तपासणीला गेलो. दुपारीच आभाळ काळंकुट्ट झालं. आत एक बाई बाळंत होत होती. बाळ आलं, पण रडेना. नर्स पडद्यासमोर उभी होती आणि शहरातल्या डॉक्टर एकेक गोष्ट सांगत होत्या. “मान थोडी मागे. हां. आता हवा द्या, हलकेच.”

तेवढ्यात खांबावर वीज कोसळली.

तसा आवाज मी उभ्या जन्मात ऐकलेला नाही. खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या, भिंती थरारल्या, दिवे गेले. मी कान दाबून खाली बसलो. आणि त्या काळोखात बॅटऱ्यांवर चालणारा पडदा तसाच उजळ होता. “थांबू नका,” आवाज शांतपणे सांगत होता, “देत राहा.”

नर्स देत राहिली. मग एक बारीक, चिडका टॅहा ऐकू आला आणि डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून रडू लागल्या.

वहिनी आत नव्हती. पाऊस ओसरल्यावर ती मला धुण्याच्या दगडामागे सापडली. खड्ड्याच्या तोंडातून वाफ निघत होती. आभाळ फाडून आलेलं ते एवढं मोठं काहीतरी तिने दाखवलेल्या वाटेने मुकाट खाली गेलं होतं. ती पदर निथळत असूनही हलली नाही.

“वहिनी, बाळ रडलं,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली. “मी फक्त वाट करून दिली रे,” ती कुजबुजली. “पण घेतलं कसं ह्या मातीने? एवढं सगळं, एका घोटात!”

काकाही येऊन उभे राहिले. आम्ही तिघं वाफ विरेपर्यंत त्या मातीकडे बघत राहिलो.