सामंतबाईंची दोनदा भरलेली बॅग

सामंतबाई परदेशी जाताना बॅग दोनदा भरायच्या. एकदा सगळं नीट लावून, चेन ओढून, बॅग काट्यावर चढवून झाली की त्या शांतपणे चहा प्यायच्या आणि मग सगळी बॅग चादरीवर उलटी करायच्या. "ही झाली हौसेची," त्या म्हणायच्या, "आता अकलेची भरू." अकलेच्या बॅगेत निम्मंच सामान जायचं. बाहेर राहिलेल्याकडे त्या लग्नाला न बोलावलेल्या नातेवाइकांकडे बघावं तशा बघायच्या.

हे सामान म्हणजे साड्या आणि चकल्या नव्हेत. सामंतबाई दर वर्षी दक्षिण आफ्रिकेत बास नावाचा मासा पकडायला जायच्या. टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहणारी बाई मासे पकडायला एवढ्या लांब जाते, हे बिल्डिंगमध्ये कोणाला पटायचंच नाही. "भावाकडे जातात हो, मासे आपले सांगायला," असं म्हणून लोक विषय मिटवायचे. भाऊ होता हे खरं. बाळा, त्यांचा धाकटा, नोकरीसाठी डर्बनपासून आत, डोंगराळ भागात गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या घराजवळ धरण होतं आणि धरणात बास. हिरवट अंगाचा, भल्यामोठ्या तोंडाचा मासा. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. हौशी लोक त्याला पकडतात, क्षणभर बघतात आणि परत सोडून देतात. बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून बसायला जायच्या. भावाकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्या गळाला एक बास लागला, आणि त्यानंतर त्यांचं सगळं वर्ष त्या धरणाभोवतीच फिरायला लागलं.

माझी त्यांची ओळख गच्चीवर झाली. पाणी न येण्याचा दिवस होता. गच्चीवरच्या पिंपातून पाणी घ्यायला मी बादली घेऊन गेले, तर या बाई पिंपात वाकून एक रबरी किडा दोऱ्याला बांधून नाचवत होत्या.

"थांब जरा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "याची शेपूट हलत नाहीये. पिंपात हलली नाही तर धरणात काय हलणार?"

"काकू, मला फक्त एक बादली..."

"काकू नको. मी कोणाच्याच काकाशी लग्न केलेलं नाही. मावशी म्हण."

मग मी मावशीच म्हणायला लागले. खाली उतरेपर्यंत त्यांना माझं सगळं कळलं होतं: मी मीनल, ठाण्याला एका लॅबमध्ये नोकरी, आई गेलेली, घरात मी आणि बाबा. ऑपरेटरचा आवाज होता त्यांचा, स्वच्छ आणि जरा हुकमी. त्या आवाजानं विचारलं की माणूस खरं ते सांगून टाकायचा.

बाबांचं मात्र मी त्यांना नंतर सांगितलं. बाबा, अरविंद नाईक, आयुष्यभर ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. केसाएवढी बारीक रेघ हातानं मारणारा माणूस. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. शेवटी उरला तो फक्त उजेड-अंधाराचा फरक. नजर गेली त्याहून मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांनी खाली उतरणं सोडलं, रेडिओ सोडला, मित्रांचे फोन घेणं सोडलं. एका संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ते दिवा न लावता बसलेले. मी दिवा लावला तर म्हणाले, "कशाला लावतेस? आणि मला कुठेतरी संस्थेत ठेव. तू मोकळी हो." मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

पुढच्या रविवारी मावशी आमच्याकडे आल्या. हातात एक मोठा डबा. बाबांच्या समोर त्यांनी तो धाडकन ठेवला.

"नाईक, मी वरच्या मजल्यावरची सामंत. माझे रबरी किडे सगळे एकात एक झालेत. जाडे, बारीक, शेपटीचे, बिनशेपटीचे. वेगळे करून द्या."

"बाई, मला दिसत नाही."

"मला ठाऊक आहे. रंग मी बघीन. जाडी तुम्ही बघा."

बाबांनी डबा ढकलला नाही, त्यात हात घातला. थोड्या वेळानं "आई गं!" असा आवाज आला. डब्यात एक गळ राहिला होता. मी धावले, पण मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"टोचला? बरं झालं. आता टोक कुठल्या बाजूला असतं ते कळलं ना?"

मला त्यांचा इतका राग आला होता! आणि बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. संध्याकाळपर्यंत किड्यांचे ढीग लागले, आणि जाताना बाबांनी त्यांना सुनावलं, "तुमच्या या डब्यात काही व्यवस्थाच नाहीये."

"मग करा की व्यवस्था," मावशी म्हणाल्या. "पुढच्या दिवाळीत तुम्हीपण येताय."

बाबांनी अर्थातच नाही म्हटलं. मावशींनी ते 'नाही' ऐकून घेतलं आणि त्या कामाला लागल्या. दिसत नसलेल्या माणसासाठी काय सामान निवडायचं, हा प्रश्न त्यांना फारच आवडला होता. पाण्यावर तरंगणारी, बेडकासारखी उड्या मारणारी आमिषं त्यांनी पहिल्या झटक्यात बाद केली. "ती डोळ्यांसाठी आहेत. मासा वर येतो, पाणी फुटतं, ते बघायचं. आपल्याला बोटाला कळणारं पाहिजे." म्हणून तळाशी सरकणारा रबरी किडा ठरला. त्याच्या पुढे लहानसं वजन, आणि गळाचं टोक किड्याच्या पोटात लपवलेलं, म्हणजे हाताला टोचत नाही आणि पाणवनस्पतीतही अडकत नाही. तीन-तीन टोकांचे गळ घरातूनच हद्दपार झाले. ताणला न जाणारा विणीचा दोरा घेतला, कारण तळाशी किड्याला कोणी हात लावला तरी वर बोटाला लगेच कळतं.

पेटी बाबांनी आखली. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि बोटांनी मोजमाप करून मला कप्प्यांच्या पट्ट्या कुठे कापायच्या ते सांगितलं. डावीकडे जाडे किडे, उजवीकडे बारीक, मध्ये वजनं. गळ बुचाच्या तुकड्यात रुतवलेले. जाड्या किड्यांच्या कप्प्यावर शर्टाचं बटण चिकटवलं, बारक्यांच्या कप्प्यावर सॅन्डपेपरचा तुकडा. चूक झाली की ते मला ओरडायचे, "अगं, काटकोनात काप!" मी ओरडून घ्यायचे आणि मनातून सुखावायचे.

सरावाला आम्ही खडवलीला नदीवर जायचो. काठावर बाबा आणि त्यांच्या शेजारी मावशी. "जरा डावीकडे, झाडाखाली. टाका. आता थांबा. नाईक, घाई काय आहे, पाणी कुठे पळतंय?" बाबा पहिल्यांदा झुडपात टाकायचे, मग काठावर, मग पाण्यात. एकदा एक मरळ लागला आणि हातातून निसटला. त्या दिवशी घरी येताना बाबांनी स्वतःहून विचारलं, "तिकडे थंडी कितपत असते?"

जायच्या आधी बॅगा भरल्या, अर्थातच दोनदा. गळाचे रॉड दोन तुकड्यांचे. ते प्लंबरकडून आणलेल्या जाड पाइपात, दोन्ही बाजूंना झाकणं लावून. दोऱ्याची रिळं लोकरी मोज्यांत घालून हातातल्या सामानात. गळ आणि टोकदार वस्तू विमानात जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून त्या मोठ्या बॅगेत. रबरी किडे त्यांच्याच पिशवीत, कारण कडक प्लॅस्टिकच्या आमिषांशेजारी ठेवले तर दोन्ही वितळून चिकटतात. मी चादरीच्या कडेला बसून बघत होते. बाबांच्या पेटीतलं सामान मावशींनी दोन भागांत केलं. थोडं माझ्या आणि बाबांच्या एकत्र बॅगेत, थोडं त्यांच्या स्वतःच्या. "सगळं एकाच बॅगेत भरणारा माणूस नशिबाला फारच जवळचा समजतो." मग त्यांचं स्वतःचं सामान आलं आणि वजन भरलं. त्यांनी स्वतःचं सगळं त्यांच्या एकाच बॅगेत घातलं.

"मावशी, तुमचंपण वाटून घ्या ना."

"तुझ्या बॅगेत आता सुईसुद्धा जाणार नाही. माझं बघेन मी."

जोहान्सबर्गला विमान बदलून डर्बनला उतरलो. पट्ट्यावर माझी बॅग आली, रॉडचा पाइप आला. मावशींची बॅग आली नाही. सगळे प्रवासी निघून गेले, पट्टा थांबला. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, बॅग मागे राहिली आहे, पाठवून देऊ. बाळामामा न्यायला आले होते, ते वैतागले. मी तर रडकुंडीला आले. वर्षभर जमवलेलं, पिंपात पारखून घेतलेलं सगळं त्या बॅगेत होतं. मावशींनी फक्त विचारलं, "नाईकांचं अर्धं आलंय ना? मग चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही धरणावर गेलो. पाणी इतकं नितळ की काठाजवळचे दगड दिसत होते. बाळामामांकडे जादा सामान होतं, त्यांनी ते पुढे केलं. मावशींनी ते घेतलं नाही. म्हणाल्या, "दोघांनी टाकलं तर माझं लक्ष माझ्या दोऱ्यावर राहील." आणि बाबांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं ते सगळं त्या स्वच्छ आवाजात सांगत होत्या. समोर पडलेलं झाड, त्याची सावली कुठवर आहे, वारा कुठून येतोय. बाबांनी बटणाच्या कप्प्यातून किडा काढला, स्वतः गळाला ओवला, स्वतः टाकला. दुपारपर्यंत काही नाही.

मग बाबा एकदम ताठ झाले. "सामंतबाई, कोणीतरी टिचकी मारली."

"थांबा."

"परत मारली!"

"आता ओढा!"

रॉड वाकला. मासा पाण्याबाहेर उडाला आणि बाबांनी ते पाणी फुटणं ऐकलं. "उडाला! मीनल, उडाला बघ!" ते मला सांगत होते. मावशी उभ्या राहून ओरडत होत्या, "सैल सोडू नका नाईक, डावीकडे घ्या, डावीकडे!" मासा काठाला आला तेव्हा बाबांनी त्याचा खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरला, दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या अंगावरून शेपटीपर्यंत फिरवली, परत तोंडापर्यंत आणली. बराच वेळ लावला त्यांनी. मग म्हणाले, "छान काढलाय." एखादं ड्रॉइंग पसंत पडलं की ते असंच म्हणायचे. त्यांनी मासा पाण्यात सोडला. मी मावशींकडे बघितलं तर त्या दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

मावशींची बॅग आमच्या परतीच्या दिवशी आली. ती न उघडताच त्यांनी परत आणली. त्या वर्षी त्यांनी पाण्यात गळ टाकलाच नाही.

संस्थेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बाबा पांढरी काठी घेऊन खाली उतरायला लागले, मित्रांशी फोनवर भांडायला लागले. मावशी आणि ते आणखी दोनदा तिकडे गेले, माझ्याशिवाय. मग मावशींचे गुडघे थकले. जिना चढवेना. भावानं फार आग्रह केला तेव्हा त्यांनी घर बंद केलं आणि कायमच्या तिकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेले. बोलायचं पुष्कळ ठरवून गेलेले, पण एवढंच आलं: "मावशी, तुम्ही माझे बाबा मला परत दिलेत."

त्या जरा चिडल्यासारख्या झाल्या. "वेडी आहेस का? मी काय समाजसेवा करत होते?" मग खाली बसल्या. "अगं, मी नोकरीत आयुष्यभर लोकांना जोडून दिलं आणि बाजूला झाले. बोलायचे ते दुसरेच. त्या धरणावर इतकी वर्षं गेले. बाळा त्याच्या कामाला, मी एकटी काठावर. मोठा मासा लागायचा आणि 'बघा, बघा' म्हणून ओरडावंसं वाटायचं. कोणाला ओरडून सांगणार? झाडांना? नाईक आले आणि मी इतकी ओरडले, इतकी ओरडले! माझ्याच नशिबात होतं ते सुख. तू कसले आभार मानतेस?"

मी खाली वाकून नमस्कार केला. त्यांनी तो करू दिला, एरवी त्यांना ते आवडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाळामामांचा फोन आला. मावशी दुपारी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, तिथेच गेल्या. फोन मी घेतला होता. बाबांना माझ्या गप्प होण्यावरूनच कळलं. त्यांनी हात पुढे केला, मी फोन त्यांच्या हातात दिला. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही त्यांनी.

"शेवटी शेजारी कोणी होतं का?" त्यांनी विचारलं.

बाळामामा होते. मावशी त्यांना काहीतरी सांगत होत्या, अर्ध्यावर थांबल्या.

"सांगत होत्या ना?" बाबा म्हणाले. "मग ठीक आहे."